मॉस्कोला जाऊन आलेली घोंगडी

मित्रांनो, मी एक जुनी घोंगडी आहे. रंगानं काळी आणि अंगानं खरखरीत. माझा एक कोपरा कसरीनं खाल्ला आहे, तिथं निळ्या दोऱ्यानं रफू केलेलं दिसेल. मला पाहून तुम्ही म्हणाल, हिच्यापाशी सांगण्यासारखं काय असणार? शेतात राखणीला जायचं, पावसात भिजायचं, उन्हात वाळायचं. ते सगळं मी केलंच. पण जमिनीच्या पोटात बांधलेले राजवाडेही मी पाहिले आहेत. आजही ते आठवले की माझी लोकर शहारते.

माझा जन्म करकंबचा. कोंडीबा सणगरानं जमिनीत खड्डा करून बसवलेल्या आपल्या मागावर मला विणलं. काळ्या मेंढ्यांची लोकर त्याच्या बायकोनं, बजाबाईनं, कातली होती. सुताला ताठपणा यावा म्हणून तिनं चिंचोक्याची खळ शिजवून त्याला पाजली. बाजाराच्या दिवशी कुंभारी गावच्या गुरुलिंगनं मला उचललं, खांद्यावर टाकून पाहिलं, नाकाशी नेऊन लोकरीचा वास घेतला आणि पुन्हा खाली ठेवलंच नाही.

गुरुलिंगची जमीन थोडी, पण काळीभोर. त्याच्याबरोबर मी ज्वारीच्या राखणीला जायची. पुढं काविळीनं तो गेला. दिवस-पाणी झालं आणि एका पहाटे त्याच्या बायकोनं, दानम्मानं, मला खुंटीवरून काढलं. डोक्यावरून माझी खोळ घेतली आणि ती शेतावर गेली. त्या दिवसापासून मी तिची झाले.

दानम्मा घरात कानडी बोलायची, बाहेर मराठी. वाचायला तिला येत नव्हतं. पण कणसाला हात लावला की दाणा कधी भरेल ते तिला कळायचं. तिची एकुलती मुलगी शरणम्मा गावच्या शाळेत सातवीला होती. थोरले दीर रुद्रप्पा शेजारीच राहत. ते आपल्या बैलांनी दानम्माचं रान आधी नांगरून देत आणि मग आपलं. माणूस मनानं वाईट नव्हता. फक्त बाईमाणसानं शिवाराबाहेर पाऊल टाकू नये, असं त्यांचं ठाम मत होतं.

एका साली दानम्माची ज्वारी पीक स्पर्धेत तालुक्यात पहिली आली. पुढचं वर्ष होतं महिला वर्ष. सोलापूरच्या काही बायकांनी मिळून शेतकरी बायांचा एक गट रशियाला पाठवायचं ठरवलं. कॉलेजात शिकवणाऱ्या वत्सलाबाई देगावकर जीपमधून कुंभारीला आल्या आणि त्यांनी दानम्माचं नाव घेतलं. मॉस्को हे गाव मुंबईच्या अलीकडं की पलीकडं, असं दानम्मानं त्यांना विचारलं. वत्सलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी अंगणातल्या मातीत काडीनं नकाशा काढून दाखवला.

संध्याकाळी रुद्रप्पा आले. अक्कलकोटच्या पुढं कधी न गेलेल्या बाईनं एवढ्या लांब कशाला जायचं, म्हणाले. तिथल्या गर्दीत चुकली तर कोण शोधणार? गावात काय तोंड दाखवायचं? आणि बोलता बोलता त्यांनी शरणम्माचाही निकाल लावून टाकला. सातवीनंतर शाळा बंद. रोज एस्टीनं सोलापूरला जाणं नको.

दानम्मा थोरल्या दिरासमोर कधी मान वर करत नसे. त्या दिवशी मात्र तिनं केली.

"मी जाऊन येते, भावजी. नीट परत आले तर शरणीला सोलापूरच्या शाळंत घालायचं."

"आन न्हाय आलीस तर?"

दानम्मानं मला झटकलं, घडी घातली आणि पिशवीत भरलं.

निघण्याआधी वत्सलाबाईंनी सगळ्या बायांना सोलापुरात आपल्या घरी बोलावून परदेशी शहरात कसं वागायचं ते समजावलं. चपला नकोत, बूट आणि लोकरीचे मोजे घाला. तिथं सरकते जिने आहेत. त्यावर पाय ठेवताना इकडंतिकडं न बघता पायाकडं बघा आणि उजव्या अंगाला उभ्या राहा, घाईवाल्यांना डावीकडून जाऊ द्या. कुठल्याही मोठ्या इमारतीत शिरलं की कोट दारातच काढून द्यायचा असतो, तो कोणी चोरत नाही. हॉटेलच्या नावाचं कार्ड कोटाच्या खिशातून काढू नका. आणि भुयारी गाडीत चढताना कोणी मागं राहिलंच, तर गाडीमागं धावायचं नाही, वर जायचं नाही, कुणाबरोबर कुठं जायचं नाही. आहे तिथंच थांबायचं. आम्ही परत येऊ. बाया मान डोलवत होत्या. दानम्मा पुटपुटत प्रत्येक गोष्ट घोकत होती.

मग आम्ही विमानात बसलो. मित्रांनो, मी जन्मभर ढग खालून पाहिले होते. त्या दिवशी ते आमच्या पायांखाली होते, नुकत्या पिंजलेल्या लोकरीसारखे. दानम्मानं खिडकीला कपाळ टेकवलं ते पार उतरेपर्यंत.

मॉस्कोत बर्फ पडत होता. एवढं मोठं शहर आणि त्यावर एवढी शांतता! रस्ते आपल्या ओढ्याच्या पात्राहून रुंद. घरांवर घरं, त्यांवर आणखी घरं. दानम्मानं तळहात पुढं केला, त्यावर पडलेला बर्फ विरघळताना पाहिला आणि पुन्हा हात पुढं केला. लहान मुलीसारखं तिनं ते कितीतरी वेळ केलं. सगळ्यांना उसने गरम कोट मिळाले होते. दानम्मा कोट घालायची आणि त्यावर मला पांघरायची. रस्त्यातली माणसं वळून पाहत. म्हाताऱ्या बाया जवळ येऊन माझी कड चिमटीत धरत आणि मान हलवत.

एका संध्याकाळी आम्हाला नाटकगृहात नेलं. दारात कोट द्यायची वेळ आली. दानम्मानं मला अंगाशी घट्ट धरलं. वत्सलाबाईंनी खूण केली तेव्हा कुठं तिनं मला कोट ठेवून घेणाऱ्या बाईच्या हातात दिलं. ती बाई पांढऱ्या केसांची होती. तिनं मला उलटून पाहिलं, थोपटलं आणि खुंटीला लावलं. माझ्या एका बाजूला कोल्ह्याच्या कातड्याचा कोट, दुसऱ्या बाजूला कसल्याशा मऊ केसाळ प्राण्याचा. आमच्या करकंबच्या मेंढ्या कोल्ह्याच्या वासानंही बिथरायच्या. इथं आम्ही खांद्याला खांदा लावून गाणी ऐकत होतो. आतून कितीतरी वाद्यांचा एकच आवाज यायचा आणि त्यानं खुंट्या थरथरायच्या. दानम्मा मला घ्यायला परत आली. तिच्या गालांवर पाणी होतं.

आणि मग तो दिवस उजाडला. आदल्या दिवसांच्या मानानं ऊन चांगलं पडलं होतं. नऊवारीवर कोट दानम्माला काचायचा. एक दिवस नसला तर काय होतंय, असं म्हणून तिनं तो हॉटेलात ठेवला आणि नुसतं मला पांघरलं. हॉटेलचं कार्ड कोटाच्या खिशातच राहिलं.

भुयारी गाडीसाठी आम्ही सरकत्या जिन्यावर उभे राहिलो. जिना खाली खाली जात होता, विहिरीला तळच नसावा तसा. आणि तळाशी पोचलो तर तिथं अंधार नव्हता. तिथं राजवाडा होता! संगमरवरी खांब, वर लखलखती झुंबरं, आणि भिंतींवर रंगीत दगडांचे तुकडे जोडून केलेली चित्रं. एका चित्रात बाया शेतात उभ्या होत्या, त्यांच्या हातांत पिवळ्याधमक गव्हाच्या पेंढ्या. दानम्मा थबकली. आपल्यासारख्याच बाया, डोईला फडकं बांधलेल्या. आणि त्यांना राजवाड्याच्या भिंतीवर जागा! तिनं त्या ओंब्यांकडं बघत मान वर केली ती केलीच.

मागं गाडीची दारं मिटल्याचा आवाज झाला. ती वळली तेव्हा काचेआड वत्सलाबाईंचं तोंड दिसलं. त्या काहीतरी ओरडत होत्या. गाडी निघून गेली.

दानम्मा दोन पावलं धावली आणि थांबली. तिचं काळीज माझ्या लोकरीवर आपटत होतं. कार्ड नाही, भाषा नाही, डोक्यावर आभाळसुद्धा नाही. दुसरी गाडी आली, माणसं ओतली गेली, माणसं चढली, गाडी गेली. वत्सलाबाई नव्हत्या. तिसरी आली. त्यातही नव्हत्या. एका भल्या दिसणाऱ्या माणसानं तिचा दंड हलकेच धरून जिन्याकडं बोट केलं. वर उजेड होता. दानम्माचे पाय वर जायला ओढ घेत होते, मला ते जाणवत होतं. पण तिनं मान हलवली आणि खांबाला पाठ लावली.

"थांब म्हनल्यात. थांबायचं," ती स्वतःशीच म्हणत राहिली.

गाड्या येत गेल्या, जात गेल्या. मग हातात लाल चकती घेतलेली, निळ्या गणवेशातली एक जाडजूड बाई तिच्यापाशी आली. ती गाड्यांना निघायची खूण करणारी बाई होती. तिनं काहीतरी विचारलं. दानम्माच्या तोंडून मराठीही निघेना. भीतीनं माहेरची कानडी बाहेर आली.

"नम्म मंदि मुंद होग्यार री." आमची माणसं पुढं गेली.

बाईला कानडी कशी कळणार? तरी ती ऐकत राहिली. मग तिनं माझ्यावर हात ठेवला. लोकर बोटांत चोळली. तिचा चेहराच बदलला. तिनं दोन बोटांची कात्री करून हवेत मेंढी कातरून दाखवली आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवला. म्हणजे तिच्या घरीही मेंढ्या होत्या, कधीतरी, कुठंतरी. दानम्मानं होय अशी मान हलवली आणि तिला रडू फुटलं. बाईनं तिला बाकावर बसवलं, खिशातून मूठभर सूर्यफुलाच्या बिया काढून तिच्या ओंजळीत घातल्या आणि गाड्यांना चकती दाखवायला गेली. पण दर गाडीनंतर ती वळून बघायची, दानम्मा आहे ना म्हणून.

वत्सलाबाई आल्या तेव्हा त्यांचा अंबाडा सुटला होता. बाकीच्या बायांना त्यांनी पुढच्या स्टेशनात बसवलं होतं, पण तिथं कितीतरी मार्ग एकत्र येत होते. परतीच्या नादात त्या भलत्याच गाडीत बसल्या होत्या आणि दोनदा चुकल्या होत्या. दानम्माला बघून त्यांनी बाकाचा आधार घेतला.

"मला वाटलं, तुम्ही वर निघून गेला असाल."

"तुमीच सांगितलं व्हतं की, थांबा म्हनून."

वत्सलाबाईंनी तिचे हात हातात घेतले. "दानम्मा, मी सगळं विचारून-विचारून सांगितलं होतं. मीसुद्धा पहिल्यांदाच आलेय."

दानम्मानं मला आपल्या अंगावरून काढलं आणि थरथरणाऱ्या वत्सलाबाईंच्या खांद्यावर टाकलं. लाल चकतीवाली बाई वत्सलाबाईंना चांगलीच रागावली. एकही शब्द कळला नाही, पण प्रत्येक शब्द बरोबर होता.

गावी परतल्यावर देवळाच्या कट्ट्यावर सगळी कुंभारी जमली. परतीच्या वाटेवर सोबतच्या बायांनी दानम्माला बजावलं होतं, चुकल्याचं तेवढं सांगू नकोस. तिनं विमान सांगितलं, बर्फ सांगितला, जमिनीखालचा राजवाडा सांगितला. लोक आ वासून ऐकत होते. मग तिनं तेही सांगितलं. मी तिच्या मांडीवर होते.

"म्हंजे चुकलीसच की," रुद्रप्पा म्हणाले.

"व्हय, भावजी. चुकले. भाषा येत न्हाय अशा मुलखात, जमिनीखाली चुकले. तितं बी मानसंच भेटली. शरणी तर सोलापूरला जानार हाय. हितं आपली भाषा हाय, डोक्यावर आभाळ हाय."

रुद्रप्पा उठून गेले. पुढं कित्येक महिने त्या विषयावर ते बोलले नाहीत. जूनमध्ये शाळेच्या पहिल्या दिवशी दानम्मा शरणम्माला घेऊन एस्टीच्या थांब्यावर आली, तर रुद्रप्पा आधीच तिथं येऊन उभे होते. त्यांनी पोरीचं दप्तर आपल्या खांद्याला अडकवलं. गाडी आल्यावर ते शरणम्माला म्हणाले, "फुडच्या बाकावर बस. मागं लई धक्के बसत्यात." एवढंच. आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत ते रस्त्यातच उभे राहिले.

मित्रांनो, मॉस्कोहून आल्यावर माझा मान वाढला. दानम्मानं मला धुऊन, घडी घालून, पत्र्याच्या पेटीत ठेवलं. पाहुणे आले की मला बाहेर काढून दाखवायचं आणि पुन्हा पेटीत टाकायचं. ती कौतुकाची वर्षं मला फार जड गेली. अंधारात कसर लागली. कोपरा गेला. एका हिवाळ्यात पेटी उघडली तेव्हा माझी भुकटी तळाशी पडली होती. दानम्मानं मला उन्हात टाकलं, काठीनं झोडपलं, हाती आला त्या दोऱ्यानं कोपरा शिवला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे डोक्यावर घेऊन ती ज्वारीत गेली.

म्हणून सांगते, तुमच्या घरी माझ्यासारखं काही जुनं असेल तर त्याला उन्हं दाखवा, झटका, फाटलं तर शिवा. पण नुसतं जपून ठेवू नका. वापरा. लांब कुठं निघालात तर बरोबर न्या. आता ज्वारी पोटरीत आली आहे, कणसं बाहेर पडायला टेकली आहेत. दारात उभी राहून दानम्मा मला हाक मारल्यासारखी खुंटीकडं बघते आहे. मला निघायला हवं.