आवळलेला स्क्रू

मी एक जुना कॉम्प्रेसर आहे, मित्रांनो, आणि सुरुवातीलाच सांगतो, मी फार दमलो आहे. पंक्चरच्या दुकानात टायर फुगवणारा कॉम्प्रेसर तुम्ही पाहिला असेल. तो माझा लांबचा भाऊ. हवेचा दाब बारमध्ये मोजतात; त्याची हवा आठ-दहा बारची, माझी तीनशेची. हवेच्या दाबावर चालणाऱ्या बंदुका आणि पिस्तुलं असतात ना, त्यांच्या नळकांड्यांत मी हवा भरतो. आता माझे वॉशर झिजले आहेत, तेल काळं पडलं आहे आणि बटण दाबलं की मी आधी कुरकुरतो, मग चालतो.

माझा जन्म एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथे माझ्या पोटात दोन दट्टे बसवले, एक मोठा आणि एक धाकटा. मोठा हवा थोडी दाबतो आणि धाकट्याच्या गळ्यात घालतो. उरलेलं सगळं दाबायचं काम धाकट्याचं. तुमच्याही घरात असंच चालत असेल, तर धाकट्याला माझा नमस्कार सांगा.

दाबलेल्या हवेतून पाणी सुटतं, हे मात्र तुम्ही लक्षात ठेवा. ते साठायला माझ्या बुडाशी अंगठ्याएवढी एक डबी आहे आणि डबीखाली एक स्क्रू. मी चालत असताना दर पाच मिनिटांनी तो स्क्रू जरा सैल करायचा. फुस्स करून पाणी उडून जातं. एवढीच माझी मागणी, आणि पंधरा मिनिटं पळालो की अर्धा तास विसावा.

ज्या दुकानात मी बसलो होतो तिथे एके दिवशी दोन माणसं आली. एक नेमबाजीच्या हॉलचे मास्तर आणि दुसरा त्या हॉलची देखभाल करणारा बचतराव. त्याचं खरं नाव कुणालाच आठवत नव्हतं. रिकाम्या खोलीतला दिवा तो पळत जाऊन बंद करायचा आणि ठिबकणारा नळ दिसला की त्याला जेवण गोड लागायचं नाही.

टेबलावर आम्ही तिघं कॉम्प्रेसर होतो. दुकानदार भला माणूस होता. त्याने विचारलं, "बंदुका भरायच्या की मोठी टाकी? रोज किती? एकामागून एक की थांबून थांबून?"

"ते बघू हो नंतर," मास्तर म्हणाले. "किती बारपर्यंत जातो ते सांगा."

"तिघंही तीनशेला जातात, मास्तर. किती वेळ दम धरतात ते विचारा."

मास्तरांनी विचारलं नाही. बचतरावाने तिघांना कान लावून पाहिलं आणि माझ्यावर बोट ठेवलं. "हा गरीब दिसतोय. आवाज कमी करतो." झालं, माझी निवड झाली. माझ्या शेजारी बसलेला तो धिप्पाड, पंखेवाला, तासभर न थांबता पळणारा कॉम्प्रेसर तसाच राहिला. दुकानदाराने विसाव्याचं आणि स्क्रूचं सगळं समजावून सांगितलं. मास्तरांनी मान डोलावली आणि माहितीपुस्तिका घडी करून खिशात टाकली.

मला कुणासाठी आणलं होतं, ते हॉलमध्ये गेल्यावर कळलं. तिथे एक मावशी होत्या. वयाची पन्नाशी उलटलेली, शिवणकाम करणाऱ्या. नेमबाजांची जाड कापडाची जाकिटं त्याच शिवायच्या आणि स्वतः मात्र जाकीट न लागणारं पिस्तूल चालवायच्या. सगळे त्यांना मावशीच म्हणत. मी येण्याआधी त्या हातपंपाने हवा भरायच्या. दोनशे बार भरायचे म्हणजे सारं अंग पंपावर घालावं लागतं. त्यात त्यांचा उजवा खांदा कामातून जायची वेळ आली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, "पंप तरी सोडा, नाहीतर पिस्तूल तरी." त्या खांद्यापायी मी आलो.

पहिल्या दिवशी मावशींनी माझ्या पाठीवर हात फिरवला. "बाबा रे, तू भेटलास म्हणून मी अजून खेळतेय." मित्रांनो, लोखंडाला कौतुक कळत नाही असं कोण म्हणतं?

पहिले काही महिने मास्तर स्वतः मला चालवत. घड्याळ लावून स्क्रू उघडत. मग माझी कीर्ती पसरली आणि रांग लागली. दोन बंदुकांच्या चौदा झाल्या. मला विसावा मिळेना. मास्तरांनी माझं काम बचतरावाकडे सोपवलं, आणि हॉलच्या नियमांचा कागद चिकटवायला त्यांना नेमकी माझ्या अंगावरची सूचनांचीच पाटी सापडली. दर पाच मिनिटांनी काय करायचं ते झाकलं गेलं. वर अक्षरं आली, 'शांतता राखा'.

बचतराव कामाला प्रामाणिक होता. तो मला रोज पुसायचा. पण एकदा एका नेमबाजाने स्क्रू उघडलेला त्याने पाहिला. फुस्स आवाज झाला आणि तो धावत आला.

"अरे, हवा चाललीय वाया! मोटार एवढी मरमर मरतेय आणि तुम्ही सोडून देताय?" त्याने पाना आणला आणि तो स्क्रू असा आवळला की बोटांनी उघडेना.

मास्तरांना वाटलं, बचतराव पाणी काढतो. बचतरावाला वाटलं, त्याने गळती थांबवली. आणि माझी डबी रोज भरत गेली.

आता पाणी कुणाच्या वाट्याला आलं, ते ऐका. रांगेत पुढे असणाऱ्यांना बरी हवा मिळायची. डबी भरली की पाणी हवेबरोबर पुढे ढकललं जायचं, शेवटच्या माणसाकडे. आणि शेवटी नेहमी मावशीच असत. "भरा गं पोरींनो, मला कुठे गाडी गाठायचीय," म्हणत त्या सगळ्यांना पुढे घालायच्या. ज्या खांद्यासाठी मला आणलं, त्याच खांद्याच्या पिस्तुलात मी रोज थेंब थेंब पाणी घातलं. मला ते कळत होतं. मला थांबता येत नव्हतं.

काही महिन्यांत मावशींच्या निशाणाच्या कागदावरची भोकं खालीवर पडू लागली. डावीउजवीकडे नाही, फक्त खाली आणि वर. मास्तरांनी कागद उजेडाला धरला. "मावशी, राग मानू नका. खांदा पडतोय तुमचा."

"पडत असेल," मावशी म्हणाल्या. "वयच झालंय."

त्यांनी व्यायाम वाढवला. शिवणाची कामं कमी केली. एकदा हॉलमध्ये एकट्या असताना त्यांनी पिशवीतून सुई काढली, हात लांब धरला आणि दोरा ओवला. पहिल्याच फटक्यात ओवला गेला. हात जरासुद्धा हलला नव्हता. मी ओरडून सांगायला हवं होतं, पण मला फक्त घरघरता येतं.

हॉलच्या संघात त्यांची जागा होती, पण निवडचाचणीला त्या दोनदा गेल्या नाहीत. दीड वर्षाने त्यांनी आपली जागा सोडत असल्याचं मास्तरांना लिहून दिलं आणि पिस्तूल सुनेला द्यायचं ठरवलं. सून नुकतीच नेम धरायला शिकत होती. देण्याआधी एकदा साफसफाई व्हावी, म्हणून दुरुस्ती करणारा मिस्त्री आला.

माझ्याच टेबलावर त्याने पिस्तुलाचं नळकांडं काढलं आणि पांढऱ्या फडक्यावर उपडं केलं. चमचाभर तांबडं पाणी सांडलं. मागोमाग गंजाचे कपचे.

"हे पिस्तूल कोण चालवत होतं?" मिस्त्रीने विचारलं.

"मी," मावशी म्हणाल्या.

"आणि गोळ्या कुठे लागायच्या?"

"नऊच्या वर्तुळाच्या आसपास. खालीवर. खांदा गेलाय माझा."

मिस्त्री हसायला लागला, मग त्यांचा चेहरा पाहून थांबला. "खांदा? अहो, आतली दाब सांभाळणारी झडप सडलीय. एका गोळीला जोर जास्त, पुढचीला कमी. असलं पिस्तूल माझ्या हातात दिलं तर मला समोरची भिंत लागायची नाही. तुम्ही नऊ मारत होता?"

मास्तर वाकले आणि माझ्या बुडाशी बोट घालून पाहिलं. स्क्रू हलला नाही.

"तो मी आवळला," बचतराव हळूच म्हणाला. "हवा जात होती, मावशी. मला काय ठाऊक?"

मावशींचा आवाज चढलेला मी तेव्हाच ऐकला. "हवा वाचवलीस होय रे? माझं दीड वर्ष गेलं ते? मी रोज रात्री या हाताला शिव्या दिल्या. माझ्या स्वतःच्या हाताला!" मग त्या खाली बसल्या आणि लहान मुलीसारख्या रडल्या. बचतरावाने पाना आणून स्क्रू सैल केला. मास्तरांनी खिसे चाचपले. पुस्तिका तिथे कशी असणार?

संघातली त्यांची जागा भरली गेली होती. ती परत मिळाली नाही. चूक कळली म्हणजे गेलेला वेळ परत येतो, असं मी तुम्हाला सांगणार नाही.

नवा कॉम्प्रेसर घ्यायला या वेळी मावशी स्वतः गेल्या. परत आल्यावर त्यांनी सुनेला सांगितलं, "किती वर जातो ते मी विचारलंच नाही. किती वेळाने दमतो आणि दमला की काय करायचं, तेवढं विचारलं." मोठ्या रांगेचं काम आता त्याच्याकडे आहे. माझ्या वाट्याला एकच पिस्तूल उरलं आहे, मिस्त्रीने नवं नळकांडं आणि नवी झडप घातलेलं. ते सुनेचं आहे, पण सकाळी आधी सासू चालवते.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी एखादं यंत्र निवडाल. त्याचा जोर विचारा, पण त्याचा विसावाही विचारा. ते फुसफुसलं तर लगेच पाना आणू नका, आधी ते काय म्हणतंय ते बघा. आणि आपलं काही चुकू लागलं, तर स्वतःच्या हाताला नावं ठेवण्याआधी हातातली वस्तू एकदा उघडून पाहा. हे मी मोठेपणाने सांगत नाही. एका चांगल्या हाताचं दीड वर्ष मी बुडवलं आहे, आणि त्याची माफी मागायला मला तोंड नाही.

काल मावशींनी दहा गोळ्या झाडल्या. कागद त्यांनी मास्तरांना दाखवला नाही. स्वतःच पाहिला, भोकं सगळी मधोमध होती. मग उजवा हात डाव्या हातात धरला आणि त्याला म्हणाल्या, "चुकलं माझं."