सहा नंबर

"पाच जोड निघाले, आणि पाचही सहा नंबरचे," विक्रेता खोकी छातीशी धरून गोदामातून बाहेर येत म्हणाला. "पण आधीच सांगतो ताई, हे बूट कंपनीने बंद केलेत. याच्या बदली नवीन आलेत ना, ते पळायला जास्त चांगले. वजन निम्मं. घालून तर बघा."

मीटरताईला नवीन काही घालून बघायचं नव्हतं, आणि पळायचं तर मुळीच नव्हतं. शाळेत एका शर्यतीत शेवटून पहिली आल्यापासून ती आयुष्यात कधी धावली नव्हती आणि पन्नाशी उलटल्यावर सुरुवात करायचा तिचा बेतही नव्हता. ती पाणीखात्यात मीटर वाचायला होती. घरोघर जायचं, जिन्याखाली वाकायचं, बॅटरी मारून आकडे टिपायचे, पुढचं घर गाठायचं. लोक दार उघडायचे, "मीटरवाली आलीय" असं आतल्या बाजूला सांगायचे आणि पुन्हा आपल्या उद्योगाला लागायचे. इतकी वर्षं ती त्याच घरांत जात होती, पण ती रस्त्यात भेटली तर त्यातल्या एकानेही तिला ओळखलं नसतं. दिवसभराच्या चालण्याने टाच दुखू नये म्हणून पळायचे बूट, एवढाच तिचा आणि पळण्याचा संबंध.

तिने एका खोक्याचं झाकण उघडलं. तेच बूट. पोपटी, वर केशरी पट्टा, लांबून दिसतील असे. विक्रेत्याने प्रामाणिकपणे सांगून टाकलं की रंग इतका भडक आहे म्हणूनच ते कोणी नेले नाहीत, आणि मग विचारलं, "किती देऊ? एक की दोन?"

या प्रश्नाचं उत्तर दादाने, म्हणजे तिच्या मोठ्या भावाने, फोनवर आधीच देऊन ठेवलं होतं. दादा दुसऱ्या शहरात राहायचा, रविवारी फोन करायचा आणि कुठल्याही गोष्टीचा हिशेब दोन वाक्यांत संपवायचा. "एकच घे. फक्त बाबांकडे जाताना घालत जा. जन्मभर पुरेल," तो म्हणाला होता. मग जरा थांबून, "त्यांच्या म्हणतोय मी."

हिशेब चुकीचा नव्हता. दादाचे हिशेब चुकायचे नाहीत, हाच त्याचा दोष होता. दिवसाकाठी तासभर घातलेला बूट झिजून झिजून किती झिजणार? पण एकच जोड उचलला तर बाबांना आता एवढंच पुरे असं आपणही कबूल केल्यासारखं होईल, असं तिला वाटलं.

"पाचही बांधा," ती म्हणाली.

बाबांनी उभं आयुष्य चपलाबुटांच्या एका दुकानात, गिऱ्हाइकाच्या पायाशी बुटक्या स्टुलावर बसून काढलं होतं. शहरातली निम्मी माणसं त्यांना घोट्यापासून खाली पाठ होती. रस्त्यात कोणी हाक मारली की ते आधी खाली बघायचे आणि मगच नाव घ्यायचे, आणि ते नाव सहसा चुकायचं नाही. घरातसुद्धा दादा म्हणजे 'नऊ नंबर' आणि ती 'सहा नंबर'. आई असताना सांगायची, "आमची पहिली भेट झाली तेव्हा हे सारखे माझ्या पायांकडेच बघत होते. मला वाटलं, लाजताहेत बिचारे."

नोकरीच्या शेवटच्या दिवशी त्यांनी मुलीला दुकानात बोलावलं, स्टुलावर बसून तिच्या पायात हे पोपटी बूट चढवले, अंगठ्यापुढे जागा आहे का ते बोटाने दाबून पाहिलं आणि नाड्या आवळल्या. असले झगझगीत बूट घालून आपण लोकांच्या घरात कसं शिरायचं, असं ती कुरकुरली. त्यावर ते म्हणाले की लोक बघत नाहीत ते नाहीत, निदान गाडीवाले तरी बघतील. बूट पायाला असे काही बसले की जुने झिजले की ती पुन्हा तेच घ्यायची. नंतर बाबा एकेक गोष्ट विसरत गेले. आधी किल्ल्या, मग घराचा रस्ता, मग आई गेली आहे हे. एकटीने त्यांना घरी ठेवणं तिला जमेना, तेव्हा तिने त्यांना वृद्धाश्रमात ठेवलं आणि रोज संध्याकाळी कामावरून परस्पर तिकडे जाऊ लागली. ती खोलीत शिरली की बाबा म्हणायचे, "आलीस का, सहा नंबर?" बाकी सगळं विसरले, पण मला विसरले नाहीत, हे ती खात्यातल्या बायकांना जरा तोऱ्यातच सांगायची.

मग एके दिवशी बुटाचा तळ उकलला. बाजारात तसा जोड मिळेना, म्हणून तिने साधे काळे बूट घेतले आणि ते घालून बाबांकडे गेली. बाबांनी तिच्या पायांकडे पाहिलं आणि अदबीने विचारलं, "कोणाकडे आलात आपण?"

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. तिने आपलं नाव सांगितलं, आईचं सांगितलं, चेहरा त्यांच्या चेहऱ्याजवळ नेला. ते संकोचून मागे सरकले. चौथ्या दिवशी तिच्या मनात काहीतरी आलं. फाटक्या पोपटी बुटांना तिने चिकटपट्टी गुंडाळली आणि पाय घासत घासत ती खोलीत शिरली.

"आलीस का, सहा नंबर? उशीर केलास."

तिला हसू आलं आणि त्याच श्वासात रडूही. इतके दिवस बाबा तिला ओळखत होते ते या बुटांमुळे, तिच्यामुळे नव्हे. वाईट वाटायला हवं होतं आणि वाटलंही. पण त्याहून मोठी होती ती भीती. दिवसभरात "आलीस का?" असं तिला विचारणारं जगात दुसरं कोणीही नव्हतं. घरी गेल्यावर दिवा तिलाच लावावा लागायचा. तो एवढा प्रश्न गेला तर तिच्यापाशी उरत काय होतं? म्हणून तिने शहरातली दुकानं पालथी घातली आणि ते पाच जोड घेऊनच घरी आली.

कामावर ती काळे बूट घालू लागली. पोपटी जोड तिने वृद्धाश्रमात, बाबांच्या खोलीबाहेरच्या फडताळात ठेवला. संध्याकाळी आलं की बाकावर बसून बूट बदलायचे आणि मुलगी होऊन आत जायचं. आत गेल्यावर सगळं पूर्वीसारखं. ती घास भरवायची, बाबा खायचे, मधेच वाकून तिच्या नाड्या तपासायचे.

पण ते खायचे ते तेवढंच. सकाळ-दुपार ते तोंड उघडत नसत. दुकानात गिऱ्हाईक असताना जेवत नाहीत, असं कामवाल्या मावश्यांना सांगून ते ताट बाजूला सारायचे. मावश्या रागावल्या, लाडीगोडी लावून झाली, चमचा आगगाडीसारखासुद्धा फिरवून पाहिला. वजन उतरत चाललं. डॉक्टरांनी मीटरताईला बाजूला घेऊन सांगितलं की असंच चालू राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि ती ओढून काढू नये म्हणून हात बांधावे लागतील. तिने साहेबांकडे सकाळची सवलत मागितली. साहेब म्हणाले, लोकांची मीटरं काय संध्याकाळी वाचणार का ताई, अंधारात?

आणि मग सकाळपाळीची मावशी एकदा तिची वाट बघत फाटकातच उभी राहिली. मावशी म्हणजे अंगाने नुसती काडी, पण आवाज असा की आख्खा मजला जागा व्हावा. त्या दिवशी मात्र ती हळू आवाजात आणि खुशीत बोलत होती. न्हाणीघर धुताना तिच्या चपला भिजल्या, फडताळात ताईंचे बूट दिसले, घटकाभर म्हणून पायात घातले आणि बाबांचं ताट घेऊन आत गेली.

"आणि काय सांगू ताई, मला म्हणाले, आलीस का सहा नंबर. सगळं ताट संपवलं की हो. वर पाणी मागितलं."

मावशीला वाटलं होतं, ताई खूश होईल. मीटरताईचा चेहरा मात्र खर्रकन उतरला. न विचारता दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये, असं ती तुटकपणे म्हणाली. मावशी गोरीमोरी होऊन माफी मागू लागली, ती पुरती ऐकूनही न घेता मीटरताई आत गेली, आणि परतताना पोपटी बूट पिशवीत घालून घरी घेऊन आली.

तिला फार राग आला होता, आणि राग बाबांचाच आला होता. कोणीही यावं, बूट घालावेत आणि मुलगी व्हावं, इतकी का आपण स्वस्त? ज्या माणसाला पायावरून माणूस ओळखता येत होता त्याला एका काटकुळ्या परक्या बाईचा पाय कळू नये? घरी कपाटात ती चार खोकी एकावर एक रचलेली होती. पाचवा जोड तिने त्यांच्यापाशी ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं. घरात ती एकटीच असताना हे कुलूप कोणासाठी, हे तिचं तिलाही कळलं नाही.

आठवडाभर ती रोज बूट पिशवीतून नेत आणि परत आणत राहिली. सकाळचं ताट पुन्हा तसंच माघारी जाऊ लागलं. मावशी समोर आली की मान खाली घालून बाजूने निघून जायची. एका संध्याकाळी मीटरताई घास भरवत असताना बाबांच्या सदऱ्याची बाही वर सरकली आणि तिला त्यांचं मनगट दिसलं. या मनगटाला उद्या पट्टी बांधतील, असं तिच्या मनात आलं. तिने चमचा खाली ठेवला. बाबांनी विचारलं, "संपलं?" ती म्हणाली, "नाही बाबा, आहे अजून," आणि उरलेलं त्यांना नीट भरवलं.

दुसऱ्या दिवशी ती रिक्षातून चार खोकी घेऊन आली. सकाळपाळीच्या मावशीला तिने स्वतः बाकावर बसवलं आणि तिच्यापुढे वाकून बूट चढवले. पाय पाच नंबरचाही धड नव्हता, बोटांपुढे कापूस कोंबावा लागला. "राग धरू नका," ती नाड्या आवळत म्हणाली. मावशी म्हणाली, "राग कसला ताई. मला पण एक म्हातारा होता घरी." दुपारपाळीच्या बाईला बूट बेताचे झाले. रात्रपाळीच्या धिप्पाड बाईला ते शिरेचनात, तेव्हा तिने टाचा चेपल्या आणि सपाता केल्या. चौथा जोड शिल्लक म्हणून फडताळात राहिला. दादाला फोनवर हे कळलं. तो म्हणाला की वजन वाढलं तर कळव.

वजन वाढलं. नळीचं नाव डॉक्टरांनी पुन्हा काढलं नाही. बाबांच्या लेखी त्यांची मुलगी आता दिवसभर त्यांच्यापाशीच होती, सकाळी होती, दुपारी होती, झोपताना होती. त्यामुळे संध्याकाळी मीटरताई आत गेली तर "आलीस का?" असं विचारायचं त्यांना काही कारण उरलं नाही. ते नुसते मान वर करायचे आणि म्हणायचे, "आता कुठे गेली होतीस?" आणि ती म्हणायची, "इथेच होते बाबा."

एकदा तिची फेरी वृद्धाश्रमामागच्याच गल्लीत आली. दोन घरांना कुलूप होतं, म्हणून थोडी उसंत मिळाली. बाबांना दुपारच्या वेळी तिने कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. खांद्याला बॅग, हातात बॅटरी, अशीच ती वर गेली. बूट बदलायला बाकावर बसणार, एवढ्यात आतून बाबांचा आवाज आला आणि ती दारापाशी थबकली.

सकाळपाळीची मावशी आज दुपारपर्यंत थांबली होती. ती खुर्चीत बसली होती, मांडीवर ताट होतं. बाबा पलंगावरून पुढे वाकून तिच्या पोपटी बुटाचं टोक अंगठ्याने दाबून बघत होते. जागा फार आहे हे त्या अंगठ्याला कळलं होतं.

"जेवत नाहीस वाटतं, सहा नंबर," ते म्हणाले. "पाय केवढा बारीक झालाय तुझा. आई असती तर रागावली असती मला."

"जेवते हो बाबा," मावशी म्हणाली. "तुम्ही घ्या बघू आधी."

"अर्धा तू खा. मग मी."

मावशीने एक घास आपल्या तोंडात घातला, एक त्यांच्या. तेवढ्यात तिला दारात मीटरताई दिसली आणि ती गडबडून उठू लागली. मीटरताईने हाताने खूण केली, बसा म्हणून. दोन सहा नंबर एकदम समोर आले तर बाबा गोंधळतील आणि जेवण तिथेच थांबेल, हे तिला उमगलं. वळून निघून जावं, असंही तिला वाटलं. पण बाबांची नजर उंबऱ्यावरच्या काळ्या बुटांवर पडली होती. घाईत असलेल्या गिऱ्हाइकाला थोपवावं तसे ते हसले.

"या, बसा ना. जरा थांबावं लागेल. माझी मुलगी आलीय, तिचं जेवण होऊ दे. मग तुमचंच बघतो."

"सावकाश होऊ द्या," मीटरताई म्हणाली. "मला घाई नाही."

दाराजवळ एक स्टूल होतं. बॅग मांडीवर घेऊन, दोन्ही पाय जुळवून ती त्याच्यावर बसली आणि आपली पाळी यायची वाट बघू लागली.