डाव्या वळणावर पेट्रोल कुठे जाते?

मी एक जुनी पेट्रोलची टाकी आहे. शर्यतीच्या गाडीच्या डिकीत, जादा चाकाला खेटून, पट्ट्यांनी आवळून बसवलेली. मित्रांनो, अशा गाडीचा फोटो काढायचा झाला की लोक बॉनेट उघडतात, डिकी कोणी उघडत नाही. मला त्याचा राग नाही. माझा राग वेगळा आहे, आणि तो तुम्हाला ऐकावाच लागेल.

मला बाबांनी घडवले. बाबा म्हणजे या गॅरेजचे मालक. त्यांनी पत्रा कापला, लाकडी हातोडीने ठोकून वाकवला, कडा जोडल्या आणि पाणी भरून थेंब गळतो का ते पाहिले. नाही गळला. ‘पोरीनं नाव काढलं,’ असे म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली होती.

त्या काळी इंजिनाला पेट्रोलमध्ये हवा मिसळून देणारा कार्बोरेटर होता. थंडीत रुसायचा, चढावर खोकायचा. पण त्याच्यापाशी पेट्रोलची एक छोटी वाटी असायची. वळणावर माझ्यातले पेट्रोल एका बाजूला पळाले आणि नळी कोरडी पडली, तरी तो वाटीतला घोट पुरवून वेळ मारून न्यायचा. हा त्याचा गुण कोणाच्या ध्यानातच आला नाही. सगळ्यांनी त्याचा खोकला तेवढा मोजला.

मग बाबांच्या मुलाने कार्बोरेटर काढून इंजेक्शन बसवायचे ठरवले. म्हणजे एक छोटा संगणक इंजिनाला मोजूनमापून पेट्रोल देणार. या मुलाला घरात दादा म्हणतात. गाडी चालवते ती त्याची बायको, वहिनी. तिच्या शेजारी बसून पुढचे वळण सांगते ती तिची नणंद, धाकटी. बाबा कित्येक दिवस फुरंगटून बसले होते. वहिनीने गळ घातली तेव्हा कुठे त्यांनी मान डोलावली.

‘करा काय करायचं ते,’ ते म्हणाले. ‘टाकीला मात्र हात लावायचा नाही. ती मी केलीय.’

झाले! पुढे सगळे नवेकोरे आणि मागे मी, होते तशी. माझ्या तळाच्या डाव्या कोपऱ्यातून एक नळी निघाली, तिला दांडगा पंप लागला. इंजिनाला नको असलेले पेट्रोल दुसऱ्या नळीने माझ्याकडे परत येऊ लागले.

गाडी अशी पळायला लागली की विचारू नका. दादाचे पाय जमिनीवर नव्हते. पण सरावाच्या दिवशी एका लांब डाव्या वळणावर इंजिन गचकन बंद पडले आणि लगेच पुन्हा सुरू झाले. पुढच्या खेपेला तसेच. तिसऱ्यांदा गाडीची शेपूट सरकली आणि दगडी कठडा हातभर अंतरावर राहिला. 

त्या संध्याकाळी दादाने डिकीत, माझ्याच डोक्यावर, लॅपटॉप ठेवला. छोट्या संगणकाने नोंदलेला वहिनीच्या पायाच्या दाबाचा ग्राफ त्यात दिसत होता. बाबा शेजारी उभे होते.

‘यात बघायचंय काय?’ बाबा म्हणाले. ‘डावीकडे दरी दिसली की सूनबाईचा पाय अॅक्सिलरेटरवरून उचलला जातो. घाबरते ती. रॅलीला दुसरा चालक बघ.’

‘बाबा, मी पाय उचलला नाही,’ वहिनी म्हणाली. धाकटी पुढे आली. ‘दादा, तू सांग ना! ग्राफमध्ये दिसतं ना?’ तिने विचारले.

दादाने स्क्रीनकडे पाहिले आणि लॅपटॉप मिटला. ‘सेन्सर चुकत असेल. सांगता येत नाही.’

मित्रांनो, माझ्या अंगाचा तिळपापड झाला! पाय दाबलेला असला की इंजिन भरपूर पेट्रोल पिते, मग माझ्याकडे परत येते ते थोडेच. त्या वळणावर तर परतीच्या नळीतून जेमतेम धार येत होती. पाय पार तळाला टेकला होता! चुकत होते ते माझ्या पोटात. पेट्रोल उजवीकडे धावायचे, डाव्या कोपऱ्यातली नळी उघडी पडायची आणि पंप नुसती हवा ओढायचा. आता वेळ मारून न्यायला वाटीही नव्हती. पण बाबांना स्वतःच्या टाकीवर संशय घ्यायचा नव्हता, दादाला स्वतःच्या वायरिंगवर. मग उरले कोण? वहिनीचा पाय.

मला कोणी साधा दोषसुद्धा दिला नाही. केवढा हा अपमान!

वहिनी गप्प बसणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने धाकटीला घेऊन मोकळ्या मैदानात गाडी डावीकडे गोल गोल फिरवली. धाकटीच्या हातात नळीची पाण्याची बाटली होती. तिने घोट घेतला आणि ओरडली.

‘वहिनी, थांब! बाटलीत पाणी आहे, पण नळीत हवाच येतेय. पाणी सगळं एका बाजूला गेलंय!’

गाडी थांबली. दोघींनी धावत येऊन डिकी उघडली आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, कोणीतरी माझ्याकडे वाकून पाहिले.

पुढचे बाबांनीच केले. मला धुतले, वाळवले, माझे पोट कापले आणि आत भोकांच्या पत्र्याच्या आडभिंती घातल्या. पेट्रोल आता एकदम पळू शकत नाही. शिवाय नळीपाशी एक छोटा डबा बसवला, वळणापुरता साठा धरून ठेवायला. काम करताना ते खुशाल म्हणाले, ‘मला वाटलंच होतं, टाकीचं काहीतरी आहे.’

वाटले होते म्हणे!

रॅलीच्या सकाळी वहिनी हेल्मेट घालून बसली, पण चावी फिरवेना. बाबा खिडकीशी आले.

‘काय झालं सूनबाई?’

‘तुम्ही टाकी दुरुस्त केलीत, बाबा. मला घाबरट म्हणालात, त्याचं काय?’

बाबांनी इकडेतिकडे पाहिले. बरोबरीचे मेकॅनिक ऐकत होते. ‘चुकलं माझं,’ ते म्हणाले. मग जरा मोठ्याने, ‘तुझा पाय बरोबर होता. चूक माझ्या टाकीत होती.’

वहिनीने मान वळवली. ‘आणि तू?’

दादा स्वतःच्या पायांकडे बघत उभा होता. ‘पाय दाबलेला होता,’ तो म्हणाला. ‘मला त्याच दिवशी ग्राफमध्ये दिसलं होतं.’

वहिनीने खिडकीची काच वर केली आणि चावी फिरवली.

मित्रांनो, गाडी अडली तर आम्हा यंत्रांना खुशाल उघडा, कापा, ठोका. आम्ही पुन्हा जोडले जातो. पण जे डोळ्यांनी दिसले आहे ते मिटून ठेवू नका. त्या दिवशी प्रत्येक डाव्या वळणावर इंजिन खणखणीत वाजत होते आणि वहिनीचा पाय पार तळाला टेकलेला होता.