चोरून नदीवर गेलेली काठी

मी एक जुनी गळाची काठी आहे. मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी भित्री आहे. काठी म्हटलं की लोकांना वाटतं, ही दुसऱ्याला धाक घालणारी वस्तू. माझा मात्र सगळा जन्म धाकातच गेला. आज मी बुडापासून मध्यापर्यंत चिरलेली आहे, आणि ती चीर कशी पडली हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझं माहेर शाहूवाडीकडचं. तिथल्या डोंगरउतारावर चिव्याचं बेट होतं. चिवा म्हणजे बारीक, भरीव बांबू. माझा पहिला धनी हंबीरराव, त्याच्या मामाने मला तोडलं, विस्तवावर धरून सरळ केलं आणि बुडाला दगड बांधून चुलीच्या धुरात टांगलं. विस्तवाची जी भीती तेव्हा बसली ती अजून गेलेली नाही. मग माझ्या शेंड्याला तंगूस, म्हणजे नायलॉनचा चिवट दोरा, बांधला, तंगुसाला गळ, आणि मध्ये जोंधळ्याच्या चिपाडाचा बोटभर तुकडा. माशाने आमिषाला तोंड लावलं की ते चिपाड पाण्यावर डुचमळतं आणि एकदम गडप होतं. ते बघायला माणसं दिवस दिवस नदीकाठी बसत.

हंबीरराव तेव्हा पेठ वडगावच्या शाळेत होता. त्याने मला वर्गातल्या मित्राच्या हाती दिलं. तो रेवणसिद्ध. त्याचं घर लिंगायत, भुसाराच्या व्यापारातलं. घरात अंड्याचं नावसुद्धा निघायचं नाही. रेवणसिद्धाने जन्मात मासा खाल्ला नाही, हातात धरलाही नाही. गांडूळ लावायचं हंबीररावाने, मासा सोडवायचा हंबीररावाने आणि घरी न्यायचाही त्यानेच. रेवणसिद्धाला फक्त ते चिपाड बुडताना बघायचं असायचं. वेड तेवढंच, पण घरी कळलं असतं तर त्याची धडगत नव्हती. माझी तर मुळीच नव्हती. मी सरळ चुलीत गेले असते.

म्हणून मला दुकानामागच्या गोदामात गुळाच्या ढेपांआड लपवलं होतं. अंगावरून रात्रंदिवस मुंगळे फिरायचे, पण हूं की चूं करायची सोय नव्हती. एकदा रेवणसिद्धाच्या आईने, अव्वाने, मला बाहेर ओढलं.

"ही काठी कुणाची रं?"

रेवणसिद्धाचं तोंड पांढरंफटक पडलं. "पतंग काढायची हाय, अव्वा."

तंगूस आणि गळ त्याने आधीच सोडून ठेवले होते म्हणून निभावलं. अव्वाने मला माडीवर नेलं आणि दिवसभर सांडग्यांवरचे कावळे हाकायला लावलं. डोहातली मरळ वर काढणारी मी, आणि कावळे हाकत बसले! हसू नका. ती मला उचलून खांद्याला टेकवायची तेव्हा माझा शेंडा तिच्या नाकाजवळ यायचा. माझ्या अंगाला माशाचा वास येत असणार या भीतीने मी अर्धी झाले होते.

त्यानंतर दोघांनी एक नियम केला. नदीवर बोलायचं नाही. एकमेकांचं नाव तर घ्यायचंच नाही, कारण दुकानाचं गिऱ्हाईक कुठे भेटेल याचा नेम नव्हता. कुणी येताना दिसलं तर मला दगडावर आपटायचं. ठक ठक ऐकू आलं की दोघंही उसात पसार. "काठी न्हाई ही, राखण हाय की," असं हंबीरराव माझ्याबद्दल म्हणायचा. एवढं कौतुक माझं पुन्हा कुणी केलं नाही. त्या वारणेकाठच्या डोहावर आम्ही तिघं तासन्‌तास गप्प बसायचो आणि घाबरत घाबरत फार सुखात असायचो.

पुढे रेवणसिद्ध शिकला आणि मला हंबीररावाकडे सोपवून कोल्हापुरात बँकेत लागला. हंबीरराव दुधाच्या गाडीवर ड्रायव्हर झाला. त्याने मला शेतातल्या छपराच्या आढ्याला खोचून ठेवलं आणि तो मला विसरला. खाली वाळवी, वर उंदीर. घेवड्याच्या वेलाला मांडव घालायला कुणी बांबू शोधत आलं की मी तिथल्या तिथे अंग चोरून घ्यायची. किती वर्षं अशी गेली कोण जाणे. मी वाळले, उलायला लागले, पण मोडले नाही.

गेल्या मे महिन्याच्या अखेरीस छपरात दोन म्हातारे आले. मी त्यांना ओळखलंच नाही. रेवणसिद्धाचं डोकं पांढरं झालं होतं. हंबीररावाला दम्याने धरलं होतं आणि त्याचा आवाज इतका बसला होता, की शेजारी उभं राहिलं तरच ऐकू यावा.

"डोहावर जायचं ठरलंय खरं, पण घरात काय सांगून आलास?" हंबीररावाने विचारलं.

"वाडीला दर्शनाला जातो म्हणून सांगितलंय."

"साठी उलटली की तुझी! अजून भितोस व्हय?"

अव्वा जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण आता घरात चन्नम्मा होती, रेवणसिद्धाची बायको. माहेर कर्नाटकाच्या सीमेकडचं, सोवळं कडक. नवऱ्याने संसाराची एवढी वर्षं तिला या वेडाचा पत्ता लागू दिला नव्हता. तर नृसिंहवाडीचं नाव सांगून हा गृहस्थ स्कूटीवरून वारणेकडे आला होता. चन्नम्माचा फोन येऊन वाजू नये म्हणून त्याने आपला मोबाइल डिकीतच टाकून ठेवला.

डोह ओळखू येईना. ऊस थेट काठापर्यंत आलेला, पाण्यावर जलपर्णीचं हिरवंगार केंदाळ, काठाला काळा चिखल. वरच्या वळणाआड आता बंधारा झाला होता. आमच्याकडच्या बंधाऱ्यांत दगडी खांबांच्या मधे फळ्या बसवून पाणी अडवतात. त्या फळ्यांना बरगे म्हणतात. पावसाळा जवळ आला की बरगे काढायचे आणि पाणी खाली सोडून द्यायचं. त्या दिवशी वळणाआडून माणसांचे आवाज येत होते, लोखंडावर लोखंड आपटत होतं. दोघांना ते ऐकू आलं, पण बरग्यांचं काही डोक्यात आलं नाही. माणसांची चाहूल लागली म्हणून जुन्या सवयीने ते उलट आणखी गप्प झाले.

पहिल्याच फेकीला गळ केंदाळात अडकला. हंबीररावाने हातानेच "थांब" अशी खूण केली आणि तो खाली उतरला. दोन पावलं टाकली न टाकली, तोच तो गुडघ्यापर्यंत चिखलात रुतला. एक पाय उपसायला गेला तर दुसरा मांडीपर्यंत आत गेला. तेव्हाही दोघं आवाज न करता हसत होते. मग माझं लक्ष चिपाडाकडे गेलं. ते केंदाळासकट काठाकडे सरकत होतं. पाणी चढत होतं.

मित्रांनो, विस्तव, वाळवी, अव्वा, सगळ्यांची भीती मी त्या क्षणी विसरले. रेवणसिद्धाने मला पुढे केलं. हंबीररावाने माझा शेंडा दोन्ही हातांनी धरला. रेवणसिद्ध ओढत होता, माझं अंग कडकडत होतं, आणि चिखल काही त्याला सोडत नव्हता. पाणी कमरेला लागलं.

"हाक मार," हंबीरराव म्हणाला. त्याच्या घशातून नुसती हवाच येत होती. "बरगं काढाय लागल्यात. हाक मार त्यास्नी!"

रेवणसिद्धाने तोंड उघडलं. आवाज आला नाही.  त्या डोहावर तो कधी मोठ्याने बोललाच नव्हता. पोरवयात तिथे गप्प राहायची जी सवय लागली, तिने त्याला आताही धरून ठेवलं. आणि त्याने काय करावं? त्याने मला हंबीररावाच्या हातातून ओढून घेतलं आणि दगडावर आपटायला सुरुवात केली. ठक ठक. ठक ठक.

"अरं, ते मला कळतं रं!" हंबीरराव रडकुंडीला आला होता. "त्यास्नी काय कळणार हाय!"

खरंच होतं. सगळ्या जगात ती खूण ओळखणारा एकच माणूस होता आणि तो छातीपर्यंत पाण्यात उभा होता. रेवणसिद्धाला सुचेनासं झालं होतं. तो मला आपटतच राहिला, जोरात, आणखी जोरात, आणि मी बुडापासून मध्यापर्यंत चिरत गेले. शेवटच्या फटक्याला नुसता फदफद आवाज आला. हातात आवाज करायला काही उरलं नाही तेव्हा तो माणूस ओरडला.

"हंब्या बुडतोय! धावा! माझा हंबीरराव बुडतोय!"

असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. उसातले बगळे उडाले. वळणाआडची लोखंडाची खणखण थांबली आणि माणसं पळत आली. त्यांनी चिखलावर एक लांब लाकडी फळी टाकली, त्यांच्यातले दोघं तिच्यावर पालथे पडले आणि हंबीररावाच्या काखेत हात घालून त्यांनी त्याला उपसून काढलं. पाणी तोवर त्याच्या हनुवटीला लागलं होतं.

"पावणं, आधी बोंबलायचं तरी की हो!" त्यांच्यातला एक जण रेवणसिद्धावर खेकसला. "आम्ही हितं दोन हाकंवर हाय, आन तुम्ही काठी काय बडवत बसलाय?"

हंबीररावाला दवाखान्यात नेलं. रेवणसिद्धाने मला खाली ठेवलंच नाही, तसाच चिखलाच्या पायांनी माझ्यासकट बाहेरच्या बाकावर बसून राहिला. तिथल्या फोनवरून त्याने घरी कळवलं. चन्नम्मा आली. आधी ती आत जाऊन हंबीररावाला बघून आली. मग नवऱ्यासमोर उभी राहिली. तिने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या शेंड्याला लोंबणाऱ्या तंगुसाकडे पाहिलं. आता मी चुलीत जाणार, असं मी धरूनच चालले होते.

"मासं धराय गेलतो," रेवणसिद्ध मान खाली घालून म्हणाला. "ल्हानपणापासनं जातोय. कधी खाल्लं न्हाई. शप्पत."

"मासं ऱ्हाऊ द्या तिकडं," चन्नम्मा म्हणाली.  "वाडीला जातो म्हणालासा की तुम्ही. पाय तुमचा रुतला असता आन तुम्ही आला नसता, तर मी कुठं गेलो असतो हुडकाय? वाडीला. तुम्ही वारणंत, आन मी वाडीच्या घाटावर बसून तुमच्या नावानं हाका मारत ऱ्हायलो असतो."

 रेवणसिद्धाने तोंडावर पालथा हात धरला आणि तो हमसून हमसून रडला. मलाही तेव्हा कळलं, की जन्मभर मी ज्या भीतीला कवटाळून बसले ती फार लहान होती. खरी भीती त्या बाईने दाखवली.

मित्रांनो, मला जपा, तेलपाणी करा, असं काही मी तुम्हाला म्हणणार नाही. माझे दिवस भरले. माझं मागणं एवढंच आहे. तुम्हाला नदीवर जावंसं वाटेल, डोंगरावर जावंसं वाटेल, घरच्यांना न आवडणारं वेडही एखादं लागेल. जा. पण कुठे जाता ते घरात खरं सांगून जा. ते रागावतील, ओरडतील, दोन दिवस बोलणारही नाहीत. चालेल. तुम्हाला शोधायला निघायची वेळ आलीच, तर कोणत्या काठावर यायचं, हे तरी त्यांना ठाऊक असू द्या.