सोमाने दार उघडू नये

पांढरकवड्यात आमचा केबलचा धंदा आहे. नवरा मुख्तार लोकांच्या गच्च्यांवर चढून तारा ओढतो आणि मी, अकीला, खाली दुकानात बसून शिव्या खाते. चित्र हललं की शिवी मला, वारा सुटला की मला, आपला गडी शून्यावर बाद झाला तरी मलाच. तोंड माझंही काही गोड नाही, त्यामुळे फिटंफाट होते.

ती वर्षं कापसासाठी वाईट होती, आणि लोडशेडिंगसाठी त्याहून वाईट. गावात विजेच्या दोन लाइनी. बाजाराकडे उजेड असला की आमच्याकडे अंधार, आमच्याकडे आली की त्यांच्याकडे गेली. हायवेवरून मात्र एक गोष्ट न चुकता यायची. पांढऱ्या गाड्या. त्यातून माइकवाले उतरायचे आणि जवळपास कोणाच्या घरी आत्महत्या झाली आहे का ते विचारायचे, जेवायची चांगली खानावळ कुठे विचारावी तसं. माझ्या दुकानात विचारलं तर मी हैदराबादचा रस्ता दाखवायची.

आमच्या ओट्यावर बिजलीबाईची शिलाई मशीन होती. ती तांड्यावरची. नवऱ्याने जीव दिला त्याला दोन वर्षं झाली होती. त्यानंतर ती गावात येऊन राहिली आणि आमच्या ओट्यावर ब्लाउज शिवू लागली. हात सफाईदार, गिऱ्हाइकं भरपूर. पण तिच्याशी बोलताना प्रत्येक जण आवाज खाली करायचा. कापड ठेवायचे, माप द्यायचे, मान हलवून 'काय करता बाई, नशीब' म्हणायचे आणि निघून जायचे. कोणी भावावरून घासाघीस करत नसे. बटण उलटं लागलं तरी कोणी भांडत नसे. मला ते बघून संताप यायचा, कारण बाई दिसायला गरीब असली तरी भांडखोर होती आणि तिच्याशी भांडायला कोणी उरलं नव्हतं.

अपवाद एकच. रविवारी संध्याकाळी 'ध्रुवयान' लागायचं.

ही हिंदी मालिका. आकाशात भरकटलेलं एक यान, त्यात बारा माणसं, दर भागात नवा राक्षस, नवा ग्रह. दुकानातल्या टीव्हीसमोर पंधरा-वीस जण जमायचे. त्यात बिजलीबाई पुढे, पाट घेऊन. तिला कॅप्टन आवडायचा नाही, तोफा आवडायच्या नाहीत. तिला आवडायची सोमा, यानातली मेकॅनिक. सोमाला एका भागात दोन वाक्यं मिळायची, त्यातलं एक 'पाना दे' असायचं. पण बिजलीबाई तिच्यासाठी अख्ख्या गर्दीशी वाद घालायची, खोखो हसायची, कॅप्टनला तोंडावर शिव्या द्यायची. त्या एका तासात तिच्यापुढे कोणी आवाज खाली करत नसे. आठवड्यातला तेवढाच तास तिचा होता, आणि तो जाऊ नये एवढंच माझं म्हणणं होतं.

मग तो भाग लागला. आधीच्या आठवड्यात सोमाचा नवरा मेला होता. कॅप्टननेच त्याला धोक्याच्या जागी पाठवलं होतं. या भागात राक्षस नाही, लढाई नाही. सोमा मशीनच्या खोलीत जाऊन आतून कडी लावते आणि हवेचा बिघडलेला पंप दुरुस्त करत बसते. बाहेर कॅप्टन उभा. 'दार उघड, सोमा.' ती उघडत नाही. बस, एवढंच चाललं होतं.

पोरं कंटाळून उठली. "काय बाप्पा, बाई पाना घेऊन बसली अन् आमी तिले पाहून राह्यलो."

"मंग उठ ना," बिजलीबाई म्हणाली. "तुले कोनं बांधलं?"

ती स्वतः श्वास रोखून बसली होती. सोमाचा नट अर्धाच कसून झाला होता, कॅप्टनने शेवटचं एकदा दार ठोठावलं, सोमाने मान वर केली आणि लाईट गेली. शेवटची दहा मिनिटं अंधारात गेली. मुख्तार दर भाग टेपवर उतरवून ठेवायचा, पण लाईट गेल्यावर टीव्ही आणि टेप ज्यावर चालायचे ती बॅटरी त्याने त्याच दिवशी भाऊ इमरानला दिली होती. इमरान लग्नाचं शूटिंग करतो. त्या रात्री मी मुख्तारला जे बोलले ते इथे लिहीत नाही.

पुन्हा तोच भाग दुपारी लागायचा, आणि दुपारी आमच्याकडे अंधाराची पाळी. बाजाराकडच्यांनी मात्र शेवट पाहिला होता. आठवडाभर गाव दोन तटांत. 'भंगार भाग' म्हणणारे एका बाजूला, 'डोळे भरून आले' म्हणणारे दुसऱ्या. सगळ्यांची जीभ वळवळत होती. बिजलीबाईने ओट्यावरून जाहीर केलं, "मले कोनी शेवट सांगतला तर त्याच्या बायकोचा ब्लाउज गळ्यात आवळन असा शिवीन." तिला शेवट स्वतः बघायचा होता. गावाने ते पाळलं, हे गावाचं मोठेपण.

मुख्तारला वाटलं आपण चूक निस्तरावी. त्याने मुंबईला चॅनलच्या ऑफिसात फोन लावला. कोणी दाद देईना, तेव्हा त्याने जोर यावा म्हणून सांगितलं, "मॅडम, हमारे यवतमाळ में एक विधवा बहन है, उसने एंडिंग नहीं देखा."

झालं. 'यवतमाळ' आणि 'विधवा' हे दोन शब्द त्यांना पुरले. चार दिवसांत पांढरी गाडी आमच्याच दुकानासमोर थांबली.

गाडीतून भैरवी नावाची मुलगी उतरली, चॅनलकडून. सोबत कॅमेरावाला. देशभर फिरून चाहत्यांच्या प्रतिक्रिया घेत होती म्हणे. पुण्याची, मराठी स्वच्छ, वागायला वाईट नाही. तिने बिजलीबाईचा हात हातात घेतला आणि आवाज खाली केला. मी तिथेच ओळखलं.

"बिजलीताई, आम्ही शेवट घेऊन आलोय. तुम्ही बघा, आम्ही फक्त तुमचा चेहरा टिपणार."

"चेहरा कायले? मले शेवट पाह्याचा हाय."

"तुम्हाला काय वाटतं ते दिसेल ना त्यात."

बिजलीबाई मशीनवरून उठली नाही. टीव्ही तिच्यासमोर फिरवला, सीडी घातली. आमच्याकडे उजेडाची वेळ होती. बघायला निम्मी गल्ली जमली. इमरानने आपला लग्नाचा कॅमेरा कोपऱ्यात चालू करून उभा केला. मुंबईचे लोक कसं शूट करतात ते बघून शिकायचं होतं त्याला.

शेवटची दहा मिनिटं सुरू झाली. कॅप्टन दाराबाहेरून म्हणतो, मला माफ कर. सोमा थांबते. तिच्या हातातून पाना पडतो. ती कडी काढते, दार उघडते आणि कॅप्टनच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडते. बासरी. संपलं.

भैरवी कॅमेऱ्याच्या बाजूला वाकून बिजलीबाईच्या डोळ्यांकडे बघत होती.

"उघडलं?" बिजलीबाई म्हणाली.

"हो."

"काहून?"

भैरवी गडबडली. "म्हणजे, तिचं दुःख मोकळं झालं ना, ताई."

"दुःख मोकळं कराले तोच खांदा सापडला काय तिले? ज्यानं नवऱ्याले मराले धाडलं, त्याच्याच खांद्यावर? आन नट अर्धाच कसून झाला होता. सोमा काम अर्धं टाकून उठत नसते. इतके भाग पाह्यले मी, एकदा तरी उठली काय? पंप बंद राह्यला तर बाकीचे लोकं श्वास कायचा घेतीन? हे सोमा नाही. हे कोन्या बाप्यानं लिवलं हाय, त्याले रडनारी बाई पायजे होती."

मागून कोणीतरी हसलं. भैरवीने कॅमेरावाल्याला खुणेने थांबू नको म्हटलं आणि आणखी जवळ सरकली.

"पण ताई, बघताना तुम्हाला तुमचे यजमान आठवले असतील. सोमाही तुमच्यासारखीच एकटी पडली."

मला वाटलं मीच उठून प्लग काढावा. पण बिजलीबाई तिच्याकडे शांतपणे बघत होती.

"आठवते ना," ती म्हणाली. "रोज आठवते. त्याले तुमच्या सीरियलची गरज नाही. आन सोमा माह्यासारखी नाही. ती मेकॅनिक हाय, मी टेलर हाय. मले ती आवडते ते काम करते म्हून, तिचा नवरा मेला म्हून नाही. नवरा जिता होता तवाही आवडे. इचारा यायले."

"फक्त एकदा पदराने डोळे टिपाल? अगदी साधं."

"डोळ्यात काहीच नाही तर टिपू काय?" असं म्हणून तिने खाली वाकून दोरा दातांनी तोडला आणि पुढचं ब्लाउज घेतलं. "मालिकावाल्याले सांगजा, दार बंद पायजे होतं."

भैरवी जाताना खरंच ओशाळली होती. निदान मला तसं वाटलं.

पुढच्या रविवारी 'ध्रुवयान'च्या आधी ते चाहत्यांचं लागलं. दिल्लीची कॉलेजची मुलं, लखनौचे एक आजोबा, सगळे आपापलं मत मांडत होते. मग पडद्यावर लिहून आलं, 'कपास के आँसू'. बिजलीबाई दिसली. खाली वाकलेली, तोंड पदराआड, खांदा जरासा हललेला. दोरा तोडतानाचा तो क्षण हळू करून दाखवला होता. खाली बासरी आणि एका बाईचा दुखरा आवाज: सोमाच्या आसवांत यवतमाळच्या एका विधवेला आपली आसवं सापडली. बिजलीबाईचा एक शब्दही ऐकू आला नाही. बाकी सगळ्या देशाला मतं होती, आमच्या बाईला फक्त पाणी होतं.

दुकानात पंधरा-वीस जण बसलेले. सगळ्यांनी माना खाली घातल्या. एक बाई हळूच म्हणाली, "जाऊ द्या बाई, नशीब." तोच आवाज, आणि रविवारच्या तासात, माझ्या दुकानात. बिजलीबाईने पाट उचलला आणि ती ओट्यावर जाऊन बसली. त्या दिवशी तिने 'ध्रुवयान' पाहिलं नाही.

माझा राग मस्तकात गेला. मी इमरानला म्हटलं, "तुझी त्या दिवशीची कॅसेट आण."

आमचं स्वतःचं एक लोकल चॅनल होतं. त्यावर कोणाचा वाढदिवस, कोणाची हरवलेली शेळी, कळंबच्या चिंतामणीची आरती, असं काही काही लागायचं. मुख्तारने कपाळाला हात लावला. "अगं, चॅनलच्या मानसाले कळलं तर आपला सिग्नल कापतीन."

"कापू दे. लोकायले शेळ्या दाखवू."

"अकीला, धंदा हाय हा."

"तुमीच फोन केलता ना विधवा म्हून? आता टेलर म्हून दाखवा."

तो टेपच्या तारा जोडायला लागला. पण नुसतं माझ्या रागाने भागणार नव्हतं; चेहरा माझा नव्हता. मी ओट्यावर गेले. बिजलीबाई मशीन न चालवता नुसती बसली होती.

"इमरानकडं सगळं हाय," मी म्हटलं. "तुमी बोललात ते सगळं. लावू काय? नाही म्हनसान तर आत्ता चुलीत टाकते."

तिने मशीनवरचं अर्धं शिवलेलं कापड घडी करून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "त्यायनं मले रडवलं, अकीलाबाई. माह्या घरचा मेला तवा मी लोकायसमोर रडली नाही. आन यायनं फुकटात रडवलं." तिचे डोळे तेव्हा खरंच भरले होते, आणि ते बघायला तिथे माझ्याशिवाय कोणी नव्हतं. "लावा. पन कापू नका. खोकलली असीन तर खोकला राहू द्या."

मुख्तारने लावलं. सलग, सकाळ-संध्याकाळ, दोन्ही लाइनींच्या वेळा धरून. इमरानला मथळा द्यायचा होता. मी म्हटलं, लिही, 'बिजलीबाई, लेडीज टेलर, यांचे मत'. सिग्नल कापला की नाही विचाराल तर कापला, आठ-पंधरा दिवस. मुख्तारने मिनतवाऱ्या करून परत मिळवला. ते दिवस आम्ही शेळ्या दाखवल्या. शिव्या नेहमीप्रमाणे मी खाल्ल्या, पण पहिल्यांदाच गोड लागल्या.

आणि बिजलीबाईचं काय झालं? लावल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी झरी जामणीची एसटी आमच्या दुकानासमोर थांबली. तिथे थांबा नाही. कंडक्टर बबनराव खाली उतरले, घंटीची दोरी सोडून, हातात तिकिटांची पेटी तशीच. सरळ ओट्यापुढे येऊन उभे राहिले आणि रस्त्याच्या पलीकडेही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाई, तुमचं साफ चुकलं. मी काल तुमचं पूर्ण पाह्यलं. सोमानं दार उघडलं थेच बरोबर होतं. तुमाले सीरियल समजत नाही."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

बिजलीबाईने मशीनचं चाक हाताने थांबवलं. चष्मा काढला. गेल्या दोन वर्षांत ओट्यावर येऊन तिला कोणी 'तुमचं चुकलं' म्हटलं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते मुंबईच्या कॅमेऱ्याला कधी मिळालं नसतं.

"समजत नाही?" ती उठून उभी राहत म्हणाली. "मले? बसा इथं."

"गाडी उभी हाय, बाई."

"मंग उतरले कायले?"

प्रवासी खिडक्यांतून डोकी काढून बघत होते. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारत होता.

"वाजू द्या त्याले," बिजलीबाई म्हणाली आणि पाट त्यांच्याकडे सरकवला. "तुमी आधी मले सांगा, काहून उघडावं तिनं दार?"