पाणी तुम्ही ओतलंत

मी साबणाचा एक रेणू बोलतोय, आणि रागानं बोलतोय. बादलीत फेस काढणारा साबण नव्हे, ड्रायक्लीनिंगच्या दुकानातला. माझ्या डोक्याला पाण्याची ओढ, शेपटीला तेलासारख्या द्रवांची.

कारखान्यातून कॅनमध्ये भरून मी एका भावाबहिणीच्या दुकानात आलो. तिथं कपडे पाण्यात नाही, सॉल्व्हंट नावाच्या तेलासारख्या द्रवात धुतात. आमच्या डोक्यांना ते सोसत नाही. म्हणून आम्ही कडं करतो. डोकी आत, शेपट्या बाहेर, आणि मधे पाण्याचा इवलासा थेंब धरून ठेवतो. पाण्यातले आमचे भाऊबंद नेमके उलटे बसतात. तेलकट डाग सॉल्व्हंट काढतं, पण घामाला, साखरेला ते दाद देत नाही. ते डाग आमच्या पोटातल्या थेंबात विरघळतात, आणि लोकरीला पाण्याचा पत्ताही लागत नाही.

पण पोटाला मर्यादा असते, हे त्या भावाला कोण सांगणार?

एके दुपारी, ज्या हॉटेलचे कपडे आमच्या दुकानात येत, तिथला दरवान आला. आडदांड माणूस, पण आवाज खाली. त्याच्या लोकरी कोटावर पाहुण्यानं सरबत सांडलं होतं. "संध्याकाळी ड्यूटी आहे. दुसरा कोट नाही. मॅनेजरनं आधीच एकदा तंबी दिलीय."

"बसा, आत्ता देतो," भाऊ म्हणाला. कोट यंत्रात गेला. डाग झटपट निघावा म्हणून त्यानं पाण्याचा मग उचलला.

बहीण म्हणाली, "दादा, टाकीत साबण कमी झालाय. आधी तो घाल."

"कॅन उघडत बसायला वेळ आहे का? चालतं गं."

ओतलं. एक मग, वर आणखी एक. आम्ही झेललं, झेललं, थेंब फुगत गेले, आणि कडीच्या कडी फुटली. मोकळं पाणी लोकरीत घुसलं. त्यात यंत्राचं गरगरणं, वर गरम हवा. कोट आटून घट्ट झाला.

दरवानानं तो अंगात घातला तर बाह्या कोपराशी अडल्या. त्यानं बटण लावून पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"साबणच खराब आलाय. आम्ही तरी काय करणार?" भाऊ म्हणाला.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. आमच्यातला शेवटचा रेणूसुद्धा त्या पाण्याला धरून होता!

बहिणीनं एप्रन काढला. "काका, चला. मी येते हॉटेलात."

परतली तेव्हा भाऊ दारातच उभा होता. "काय सांगितलंस?"

"चूक आमची, असं सांगितलं. काकांना कामावर ठेवलंय. हॉटेलचे कपडे मात्र आता आपल्याकडे येणार नाहीत."

"साबणावर ढकलता येत नव्हतं?"

"का? त्याला तोंड नाही म्हणून?"

भावानं धुसफुसत टाकी रिकामी करून सॉल्व्हंट उकळायला लावलं. ते वाफ होऊन स्वच्छ निघून गेलं. आम्ही मळासकट तळाशी राहिलो.

आता मी मागच्या दारी पिंपात, काळ्या चिखलात पडलोय. कचऱ्याची गाडी येईल तेव्हा जाईन. त्याचं दुःख नाही. मळाबरोबर संपणं हेच आमचं काम. पण टाकीत आज नवे रेणू उतरलेत. त्यांना झेपेल तेवढंच पाणी द्या. आणि ओतलंतच जास्त, तर निदान "मी ओतलं" म्हणा. दोनच शब्द आहेत.