उशाकडचे खिळे

“सांग त्या रंध्याला, पेटी आखूड निघाली तर त्यालाच घडी घालून आत कोंबीन!”

“आणि तू त्या फावड्याला सांग, पेटी मापातच आहे. खड्डे वाकडे खणायची खोड त्याची!”

दोघांत अंतर किती? हात लांब केला असता तर एकमेकांची मानगूट हाताला लागली असती. पण मध्ये मी उभा. चर्चची घंटा ओढणं हे माझं काम आणि या सख्ख्या भावांचे निरोप इकडून तिकडे पोचवणं ही माझी शिक्षा. थोरला कबरी खणायचा, म्हणून फावड्या. धाकटा सुतार, शवपेट्या करायचा, म्हणून रंध्या. गावात कुणी गेलं की दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे, आणि बोलणं तर साफ बंद. फावड्या जिथे उभा राहून शिव्या द्यायचा तिथे पुढची सात वर्षं गवत उगवत नसे. भावाचं नाव कानावर पडलं की रंध्याच्या हातातला स्क्रू उलटा फिरायचा. यातलं निम्मं खोटं धरा. उरलेलं निम्मंही पुरून उरेल.

वैराचं मूळ त्यांची आई. ती गेली तेव्हा गावात दंगल पेटली होती. अंधार पडायच्या आत माती द्या, असा पोलिसांचा हुकूम. रंध्याने घाईघाईत पेटी ठोकली, दोन्ही टोकं सारखी. अशा पेटीला उशाकडे पितळेचे तीन खिळे मारायचे, म्हणजे डोकं कुठे ते बाहेरून कळतं. ते कळायला हवं, कारण आमच्यात मेलेल्या माणसाचे पाय उगवतीला ठेवतात. शेवटच्या दिवशी प्रभू उगवतीकडून येणार. माणूस उठून बसला की तो समोरच दिसला पाहिजे.

माती टाकून परतताना फावड्याच्या एकदम ध्यानात आलं. खिळे त्याला दिसलेच नव्हते.

“मारलेच नाहीस तू!”

“मारले होते. तुझे डोळे फुटले होते!”

तेवढंच. त्यानंतर भाऊ भावाशी बोलला नाही. आई उलटी निजली की सुलटी, कुणालाच ठाऊक नव्हतं. आई मात्र जन्मभर एकच सांगत आली होती : वाट बघायची तर तोंड वाटेकडे हवं.

एकदा फादरांनी समजूत घातली, “अरे, देवाला दिशा लागत नाही.”

“देवाला नसेल लागत, फादर. आईला लागते. तो समोरून येणार आणि ही पाठ करून बसणार! चांगलं दिसतं का?”

त्यावर फावड्याने तोडगाही काढला होता. आईच्या शेजारची जागा त्याने स्वतःसाठी धरून ठेवली. शेवटच्या दिवसाची तुतारी वाजली की आधी आपण उठायचं, आईला खांद्याला धरून वळवायचं आणि मग काय तो न्यायनिवाडा होऊ दे. माणसं तोंडावर हसायची. “फावड्या, तुलाच जाग आली नाही तर?” तो म्हणायचा, “तुम्ही घोरत पडा रे. माझी तयारी आहे.” थट्टा नव्हती ती. अर्धं आयुष्य तो त्या एका कामासाठी थांबला होता.

मग दिवस फिरले. गिरणी बंद पडली. गल्लीतल्या घरांना एकेक करत कुलपं लागली. चर्चमधले बाक ओस पडले आणि फादर एका रविवाराआड येऊ लागले. उरलेली माणसं एकमेकांवर कुत्र्यासारखी गुरगुरायची. त्यातच नवा रस्ता आला, तोही नेमका दफनभूमीतून. जुन्या कबरी उकरून टेकडीच्या उतारावर न्यायच्या ठरल्या.

“तक्रार करून उपयोग नाही,” रस्त्याच्या कामावरचे साहेब म्हणाले. “उद्या मशीन लावतो, दोन दिवसांत साफ.”

फावड्याने फावडं त्यांच्या बुटाच्या नखभर पुढे रोवलं. “साहेब, तुमच्या मशीनला उशी कुठली आणि पायथा कुठला कळतो? नाही ना? मग चालते व्हा.”

सगळा उन्हाळा तो एकटा खणत राहिला. रंध्या बोटांनी चाचपत नव्या पेट्या करत राहिला. आई सर्वांत शेवटी.

तर त्या सकाळी झाडून सगळं गाव जमलं होतं. कुणाची चूक, यावर चहाच्या पैजा लागल्या होत्या. “आज एकाचं नाक कापलं जाणार!” लोकांचे चेहरे खुलले होते. दुसऱ्याची फजिती बघायला मिळाली की भुकेलं गावही ढेकर देतं.

फावड्या खड्ड्यात उतरला. दोर धरून मी काठावर ओणवा. रंध्या माझ्या मागे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्याला खालचं काही दिसणं शक्य नव्हतं. झाकण खचलेलं होतं, फळ्या भिजल्या पावासारख्या. फावड्याने हाताने माती सारली आणि थांबला. मलाही दिसलं. डोकं उगवतीला होतं. म्हातारी इतकी वर्षं पाठ करूनच निजली होती.

मग त्याने उशाकडची फळी चाचपली. बोटाबोटाने चाचपली. खालची माती ओंजळीत घेऊन चाळली. लाकूड कुजतं, पितळ कुजत नाही. खिळा एकही नव्हता.

मी कान झाकायच्या तयारीत होतो. आता असा ओरडेल, की चर्चची घंटा आपोआप वाजेल.

तेवढ्यात मागून आवाज आला, “दादा... काय आहे रे?”

मला मध्ये न घालता. दादा म्हणून.

फावड्याने वर पाहिलं.

“आहेत तुझे खिळे, मेल्या!” तो खेकसला. “आई उलटी निजलीय. मीच आंधळा. झालं समाधान? आता काठावर नाचू नकोस, माती ढासळेल.”

गर्दीत हशा उसळला. मी तोंड उघडणार, तोच त्याने ढेकूळ उचलून माझ्याकडे असं बघितलं, की माझं तोंड आजवर मिटलेलंच आहे. तुम्हाला सांगतोय ते सोडा.

उतारावर पोचेपर्यंत लोक पांगले होते. नव्या पेटीत आईला ठेवलं. रंध्याने झाकण बसवलं आणि बंडीच्या आतल्या खिशातून फडक्याची गाठ काढली. सोडली. पितळेचे तीन खिळे. काळे पडलेले, हिरवट. डोक्यावर हातोडीचा एकही घाव नसलेले.

“दुसऱ्या दिवशीच खिशात सापडले होते,” तो म्हणाला. “तेव्हापासून इथेच आहेत.”

वारा सुटला होता. फावड्याने हातोडी उचलून त्याच्या हातात दिली.

“मग ठोक की आता! मुहूर्त बघतोस?” त्याने भावाचं बोट धरलं आणि फळीवर नेमक्या जागी टेकवलं. “इथे. उशाकडे. बोट ठेचलंस तर मी पट्टी बांधणार नाही, सांगून ठेवतो.”

या खेपेला आईचे पाय उगवतीला गेले.

महिन्याभरात रंध्या लेकीकडे परदेशी गेला. निघताना म्हणाला, “दादा, मी काही परत येत नाही आता.”

“नको येऊस. पेट्या तरी मापात मिळतील.”

परवा साहेब पुन्हा आले होते. उतारावर जागा कमी पडते म्हणून. आईच्या एका बाजूची फावड्याची, हे त्यांनी मान्य केलं. दुसऱ्या बाजूला बोट दाखवून म्हणाले, “ही तर रिकामी आहे.”

“भरलेली आहे.”

“कोण आहे इथे?”

फावड्याने फावडं आडवं टाकलं आणि त्या जागेवर बैठक मारली, खालून येणाऱ्या वाटेकडे तोंड करून.

“यायचाय,” तो म्हणाला.